तिसरा रकाना : अमेरिकेचा शालेय इतिहास आणि पाठ्यपुस्तकाची जुळणी

अमेरिकेतील माध्यमिक शाळांत इतिहासाच्या शिक्षकांच्या हाताशी एक तक्ता असतो. त्याला दोन रकाने असतात. डाव्या रकान्यात अभ्यासक्रमाच्या आराखड्यातील कालखंड आणि संकल्पना, उजव्या रकान्यात पाठ्यपुस्तकातील प्रकरणे आणि पृष्ठांक. अमुक संकल्पना शिकवायची तर पुस्तकातील कोणती पाने वाचायची, एवढेच तो सांगतो. हे काम पाहणाऱ्याला कारकुनी वाटावे असेच आहे. कोणाही इतिहासकाराला आपले नाव अशा तक्त्याखाली घालावेसे वाटणार नाही, आणि घातलेले आढळतही नाही.

परंतु हा निनावी तक्ता बारकाईने वाचला तर त्यात इतिहासाविषयीचे काही निर्णय घेतलेले दिसतात. कोणती घटना शेवट मानायची आणि कोणती आरंभ, कोणती व्यक्ती अनिवार्य आणि कोणती ऐच्छिक, कोणत्या शतकाला किती आठवडे द्यायचे, हे सारे तिथे ठरून गेलेले असते. पाठ्यपुस्तकावर लेखकाचे नाव असते, म्हणून त्याच्याशी भांडता येते. तक्त्याला लेखक नसल्यामुळे त्याच्याशी कोणी भांडत नाही. प्रस्तुत लेखात या जुळणीचा विचार करायचा आहे तो याच कारणासाठी.

१.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. महाराष्ट्रात १९६७ साली 'बालभारती'ची स्थापना झाली आणि राज्याचे पाठ्यपुस्तक ही शासनाच्या मंडळाने तयार करावयाची वस्तू झाली. त्यामुळे अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तक एकाच घरात जन्माला येतात, असे आपण गृहीत धरतो. अमेरिकेत तसे नाही. तिथे संघराज्याचा अभ्यासक्रम नाही. शिक्षण हा राज्यांचा आणि त्याहूनही स्थानिक शाळामंडळांचा विषय आहे. पाठ्यपुस्तके खाजगी प्रकाशक काढतात. साऱ्या राष्ट्राचा इतिहास सांगणारी पुस्तके आहेत, मात्र राष्ट्राने काढलेले पुस्तक नाही.

या पसाऱ्यात देशभर एकच ठरावी अशी एक गोष्ट आहे. ती म्हणजे 'अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट', संक्षेपाने 'एपी', हा प्रगत अभ्यासक्रम. शाळेत असतानाच महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा विषय शिकावा, मे महिन्यात परीक्षा द्यावी, एक ते पाच यांपैकी श्रेणी मिळवावी आणि ती पुरेशी असेल तर पुढे अनेक महाविद्यालयांत त्याचे श्रेयांक पदरात पाडून घ्यावेत, अशी ही योजना. १९५५ मध्ये ती कॉलेज बोर्डाने हाती घेतली. हे बोर्ड शासकीय नाही; ती एक बिगर-नफा संस्था आहे. अमेरिकेच्या इतिहासाचा एपी अभ्यासक्रम सहसा अकरावीचे विद्यार्थी घेतात, आणि परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या अलीकडे दरवर्षी साडेचार-पाच लाखांच्या घरात असते. म्हणजे ज्या देशात राष्ट्रीय अभ्यासक्रम नाही, तिथे राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट एका बिगरसरकारी संस्थेच्या हाती आहे.

योगायोगाने, याच सुमारास, १९५६ मध्ये, स्टॅनफर्ड विद्यापीठातील इतिहासकार थॉमस बेली यांचे 'द अमेरिकन पॅजंट' हे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले. पॅजंट म्हणजे शोभायात्रा. नावाप्रमाणेच या पुस्तकात राष्ट्राचा इतिहास एकामागून एक येणाऱ्या चित्ररथांसारखा सरकत जातो. बेलींची शैली मिस्किल, वर्णनप्रिय आणि पात्रांत रमणारी. पुढे डेव्हिड केनेडी आणि त्यानंतर लिझाबेथ कोहेन यांनी हे पुस्तक सांभाळले, वाढवले, अनेक ठिकाणी बदलले. सामाजिक इतिहास, स्त्रिया, कृष्णवर्णीय, मूलनिवासी यांना त्यात जागा मिळत गेली. तरी त्याचा मूळ पिंड कथेचाच राहिला. एपीच्या वर्गांत पिढ्यानपिढ्या वापरल्या गेलेल्या पुस्तकांत त्याची गणना होते.

२.

२०१४ पूर्वी एपीचा इतिहास म्हणजे चार-पाच पानांची विषयसूची होती. परीक्षेत काय येईल याचा अंदाज शिक्षकाने जुन्या प्रश्नपत्रिकांवरून बांधायचा. परिणामी सगळेच शिकवण्याची घाई होई. २०१४ च्या शैक्षणिक वर्षापासून कॉलेज बोर्डाने नवा आराखडा लागू केला. त्यात १४९१ पासून आजपर्यंतच्या इतिहासाचे नऊ कालखंड पाडले, सात सूत्रविषय ठरवले आणि ऐतिहासिक विचारकौशल्यांची यादी दिली. हा आराखडा म्हणजे एक छोटे पुस्तकच होते.

कालखंडांच्या सीमा पाहण्यासारख्या आहेत. पहिला कालखंड १४९१ ते १६०७. आरंभाचे साल १४९२ नाही. कोलंबसाच्या आदल्या वर्षापासून सुरुवात करण्यात एक स्पष्ट विधान आहे : या भूमीवर कोणीतरी आले तेव्हा इतिहास सुरू झाला नाही, तिथे माणसे आधीपासून होती, त्यांची गावे होती, मक्याची शेती होती, व्यापार होता. एका अंकाच्या फरकाने केवढा अर्थ बदलू शकतो याचे हे उदाहरण. मराठी वाङ्मयेतिहास शिकविणाऱ्यांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको. अर्वाचीन गद्याचा विचार 'निबंधमाले'च्या १८७४ पासून करायचा की त्याआधीच्या नियतकालिकांपासून, आधुनिक कविता १८८५ पासून मानायची का, हे प्रश्न सनावळीचे दिसतात. वस्तुतः ते भूमिकेचे असतात.

दुसरी लक्षणीय गोष्ट अशी की, काही कालखंड एकमेकांवर चढलेले आहेत. चौथा १८०० ते १८४८ आणि पाचवा १८४४ ते १८७७. सहावा १८६५ ते १८९८ आणि सातवा १८९० ते १९४५. म्हणजे १८६५ ते १८७७ ही बारा वर्षे दोनदा येतात. एकदा यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेची म्हणून, मुक्त झालेल्या गुलामांच्या हक्कांचा प्रश्न जिथे उभा राहिला आणि अर्धवट टाकला गेला ती वर्षे म्हणून. आणि दुसऱ्यांदा औद्योगिक अमेरिकेच्या आरंभाची म्हणून, १८६९ मध्ये खंडपार लोहमार्ग जोडला गेला ती वर्षे म्हणून. काळ एकच, पण त्यातून दोन प्रवाह वाहत होते, ही जाण आराखड्याने सीमांच्या रचनेतच ठेवली आहे. त्याचे श्रेय त्याला द्यायला हवे.

३.

आता पाठ्यपुस्तक या चौकटीत बसवायचे. ही गोष्ट शिक्षकाच्या मर्जीवर सोडलेली नाही. २००७ पासून एपी हे नाव अभ्यासक्रमाला लावायचे असेल तर शिक्षकाने आपला पाठ्यक्रम बोर्डाकडे पाठवून मंजूर करून घ्यावा लागतो. प्रकाशकांनीही आपापल्या पुस्तकांच्या एपी आवृत्त्या काढल्या, त्यांना जुळणीचे तक्ते जोडले.

अडचण कुठे येते हे दोन प्रकरणांवरून दाखवता येईल. २००० नंतरच्या दशकातील 'पॅजंट'च्या आवृत्त्यांत उत्तर अमेरिकेवरील वर्चस्वासाठी इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात झालेल्या झुंजीवर एक प्रकरण आहे. त्याचा कालावधी १६०८ ते १७६३. शांप्लेनने क्वेबेक वसवले तिथून सुरुवात आणि पॅरिसच्या तहाने शेवट. दीडशे वर्षांची ही एक सलग कथा आहे आणि १७५४ मध्ये सुरू झालेले युद्ध हा तिचा शेवटचा अंक आहे. फ्रान्स हरतो, पडदा पडतो.

नव्या आराखड्यात मात्र १७५४ ही सीमारेषा आहे. दुसरा कालखंड तिथे संपतो, तिसरा तिथे सुरू होतो. त्यामुळे हेच युद्ध आता पहिला अंक बनते. युद्धामुळे इंग्लंड कर्जबाजारी झाले, कर्ज फेडण्यासाठी वसाहतींवर कर बसले, करांमुळे असंतोष, असंतोषातून क्रांती. दोन्ही मांडण्या खऱ्या आहेत. परंतु तक्ता करणारा जेव्हा प्रकरणाची पहिली पाने दुसऱ्या कालखंडासमोर आणि शेवटची पाने तिसऱ्यासमोर लिहितो, तेव्हा एका कथेचा शेवट कापून तो दुसऱ्या कथेला सुरुवात म्हणून चिकटवलेला असतो. यात सर्वाधिक हानी कोणाची होते? मूलनिवासींची. फ्रेंच आणि इंग्रज या दोन सत्तांच्या मधे उभे राहून त्यांतील अनेक जमातींनी पिढ्यानपिढ्या आपले स्वातंत्र्य टिकवले होते. १७६३ नंतर ती मधली जागाच उरली नाही. हे कळायला आधीची दीडशे वर्षे सलग वाचावी लागतात. आराखड्यात मूलनिवासींचा उल्लेख जुन्या पुस्तकांपेक्षा जास्त आहे हे खरे. पण त्यांच्या पराभवाचे कारण ज्या सलगतेत दिसते ती सलगता जुळणीत तुटते.

दुसरे उदाहरण गुलामगिरीच्या प्रकरणाचे. त्याचा कालावधी १७९३ ते १८६०. आराखड्याच्या हिशेबाने हे एकच प्रकरण तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या अशा तीन कालखंडांत विभागावे लागते. आता १७९३ हेच साल का? त्या वर्षी एली व्हिटनीने सरकी काढण्याचे यंत्र तयार केले. कापसातून सरकी काढणे सोपे झाले, म्हणून कापूस लावणे फायद्याचे झाले, म्हणून जमीन हवी झाली आणि ती कसायला गुलाम. १७९० च्या शिरगणतीत सुमारे सात लाख असलेली गुलामांची संख्या १८६० मध्ये चाळीस लाखांच्या जवळ पोचली. श्रम वाचवणाऱ्या यंत्राने गुलामी वाढवली, हा या प्रकरणाचा कणा आहे. तीन तुकडे केले की तिन्ही तुकड्यांत गुलामगिरी 'असते'. ती कशी वाढत गेली हे मात्र एका बैठकीत दिसत नाही.

याच्या जोडीला गुणांचे वजन. सध्याच्या रचनेनुसार पहिल्या कालखंडाला परीक्षेत ४ ते ६ टक्के, दुसऱ्याला ६ ते ८ टक्के, तिसऱ्यापासून आठव्यापर्यंत प्रत्येकी १० ते १७ टक्के आणि नवव्याला ४ ते ६ टक्के. म्हणजे १४९१ ते १७५४ या २६३ वर्षांच्या वाट्याला फार तर १४ टक्के येतात. परीक्षा देशभर मेच्या आरंभी असते. दक्षिणेतील अनेक शाळा ऑगस्टच्या पूर्वार्धात सुरू होतात, ईशान्येकडील बऱ्याच सप्टेंबरमध्ये. ज्याच्याकडे तीन-चार आठवडे कमी आहेत तो शिक्षक कुठे काटछाट करील हे सांगायला भविष्यवेत्ता नको. १४९१ या सालाने जे मोठ्या मनाने दिले ते टक्केवारीने पुष्कळसे परत घेतले, असे म्हणावे लागते.

४.

नव्या आराखड्यावर मोठे वादळ उठले, पण ते या प्रश्नांवरून उठले नाही. ते उठले नावांवरून आणि विशेषणांवरून. बेंजामिन फ्रँकलिनचे नाव कुठे आहे? मार्टिन ल्यूथर किंग का नाहीत? बोर्डाचे उत्तर असे होते की, आराखडा संकल्पनांचा आहे, उदाहरणे शिक्षकाने निवडायची आहेत. टीकाकारांना ते पटले नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीने निषेधाचा ठराव केला. सप्टेंबरमध्ये कोलोरॅडोतील जेफरसन काउंटीच्या शाळामंडळापुढे एक प्रस्ताव आला : अभ्यासक्रमाची फेरतपासणी करावी, त्यातून देशभक्ती आणि अधिकाराविषयी आदर वाढीस लागावा, कायदेभंगाला उत्तेजन मिळू नये. यावर त्या जिल्ह्यातील शेकडो विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर आले. बॉस्टनच्या चहाच्या पेट्यांपासून माँटगोमेरीच्या बस-बहिष्कारापर्यंत ज्या देशाचा इतिहास कायदेभंगाने भरलेला आहे, त्या इतिहासातून कायदेभंग वगळायचा तर शिल्लक काय राहील, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. पुढच्या वर्षी त्या मंडळातील बहुमतवाल्या तिन्ही सदस्यांना मतदारांनी परत बोलावले. फेब्रुवारी २०१५ मध्ये ओक्लाहोमाच्या विधिमंडळ समितीने या अभ्यासक्रमाचा निधी थांबवण्याचे विधेयक मंजूर केले. टीका होताच ते मागे घ्यावे लागले.

अखेर जुलै २०१५ मध्ये बोर्डाने आराखडा सुधारला. सुधारणा लहान दिसतात. 'ओळख' या सूत्रविषयाचे नाव 'अमेरिकन आणि राष्ट्रीय ओळख' असे झाले. पश्चिमेकडील विस्ताराच्या मुळाशी गोऱ्यांच्या वांशिक श्रेष्ठत्वाची भावना होती, या आशयाचे विधान जाऊन त्या जागी अमेरिकन संस्थांच्या श्रेष्ठत्वाचा समर्थकांनी केलेला दावा आला. रेगन यांच्या भाषेला लावलेले युद्धखोर अशा अर्थाचे विशेषण गेले. फ्रँकलिन आले. अमेरिकेच्या असाधारणतेचा उल्लेख आला.

काही बदल रास्तही होते. रेगन यांच्याबद्दलचे विशेषण अभ्यासक्रमात नको होते असे म्हणता येईल. पण 'वंश' जाऊन 'संस्था' येणे हा शब्दबदल नव्हे. त्याने कारणच बदलते. १८४६ साली मेक्सिकोवर का चाल केली, या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्याने कुठे शोधायचे ती दिशा बदलते. आणि एकदा डाव्या रकान्यातील वाक्य बदलले की उजव्या रकान्यातील पानेही बदलणे आले. पाठ्यपुस्तकातील मजकूर तोच असला तरी त्यातले कोणते परिच्छेद वाचायला सांगितले जातील हे आता दुसऱ्या वाक्यावर ठरते.

असे प्रथमच घडले होते असेही नाही. १९९४ मध्ये लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील गॅरी नॅश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राष्ट्रीय इतिहासाचे निकष तयार केले तेव्हा लिन चेनी यांनी त्यावर कडाडून टीका केली, आणि जानेवारी १९९५ मध्ये सेनेटने ९९ विरुद्ध १ मतांनी त्यांचा निषेध केला. तेव्हाही मुख्य तक्रार कोणाचे नाव किती वेळा आले याचीच होती. नावे मोजता येतात. तुटलेली सलगता मोजता येत नाही. म्हणून सार्वजनिक वाद नेहमी नावांवर होतात.

५.

नावे ऐच्छिक ठेवण्याचा परिणाम मराठी वाचकाला जवळून समजेल अशा एका उदाहरणाने पाहू. न्यू जर्सीत, टेक्ससमध्ये, कॅलिफोर्नियात वाढणारी कितीतरी मराठी घरांतील मुले हा अभ्यासक्रम घेतात. त्यांची कुटुंबे तिथे असण्याचे मोठे कारण म्हणजे १९६५ चा स्थलांतरविषयक कायदा. तो आराखड्यात आहे. त्यानंतर जगभरातून लोक संधीच्या शोधात आले असे तिथे म्हटले आहे. परंतु त्या आधी दार बंद का होते? पहिल्या महायुद्धानंतर आशियाई स्थलांतरावरील निर्बंध वाढले, एवढे एक सर्वसाधारण विधान आराखड्यात सापडते. त्याखाली कोणते उदाहरण द्यायचे ते शिक्षकाने ठरवायचे.

एक उदाहरण भगतसिंग थिंद यांचे आहे. पंजाबातून गेलेल्या आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात दाखल झालेल्या थिंदांना १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सर्वसामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे तुम्ही गोरे नाही, सबब तुम्हाला नागरिकत्व मिळू शकत नाही. थिंदांचे वकील सखाराम गणेश पंडित हेही हिंदीच. निकालानंतर ज्या हिंदी लोकांचे आधी मिळालेले नागरिकत्व काढून घेण्याची पावले सरकारने उचलली त्यांत पंडितही होते. त्यांनी न्यायालयात लढून ते टिकवले. १९४६ मध्ये हिंदी लोकांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला आणि वर्षाला शंभर जणांना प्रवेशाची मुभा.

शिक्षकाने थिंद निवडले तर वर्गातल्या मराठी मुलाला कळते की, १९६५ ही एका उदार देशाने अकस्मात दिलेली भेट नव्हती. तिच्यामागे नकाराची आणि झगड्याची चाळीस वर्षे आहेत. नाही निवडले तर त्याचा इतिहास संधीपासून सुरू होतो. दोन्ही वर्ग आराखड्याशी तितकेच जुळलेले असतील. तक्त्यात दोन्हीकडे बरोबरची खूण असेल.

६.

मग जुळणी करूच नये काय? तसे म्हणणे सोपे आणि निरुपयोगी आहे. शोभायात्रेतही दोष असतोच : प्रेक्षक टाळ्या वाजवतो, प्रश्न विचारत नाही. आराखड्याने विद्यार्थ्याला प्रश्न विचारायला लावले. १९७३ पासून या परीक्षेत अस्सल कागदपत्रांवर आधारलेला एक प्रश्न असतो. आता त्यात सात साधने दिली जातात आणि त्यांच्या आधारे, कोणी, कोणासाठी, कोणत्या हेतूने लिहिले याचा विचार करून, विद्यार्थ्याला स्वतःचे प्रतिपादन उभे करावे लागते. सतरा वर्षांच्या मुलाला इतिहास हा वादाचा विषय आहे हे समजणे ही लहान गोष्ट नाही. कथा ऐकणाऱ्याला कथाकाराशी भांडता आले पाहिजे. मात्र भांडायला आधी कथा सबंध ऐकलेली असावी लागते.

म्हणून मागणी एवढीच की, तक्त्यात तिसरा रकाना असावा. जे पुस्तकात आहे आणि आराखड्यात कुठेच बसत नाही ते त्यात लिहावे. कोणते प्रकरण कुठे कापले ते लिहावे. वेळेअभावी काय गाळले आणि ऐच्छिक म्हणून काय सोडले तेही लिहावे. हा रकाना परीक्षेसाठी नाही. तो विद्यार्थ्यापुढे उघडा ठेवण्यासाठी आहे. १७५४ ला रेघ मारली तर त्या रेघेपलीकडे ही कथा मागे १६०८ पर्यंत जाते, एवढी एक ओळ तिथे असली तरी पुरे. ज्याला वाचायचे तो मागे जाऊन वाचील.

पहिले दोन रकाने प्रकाशक भरून देतो. तिसरा भरायला पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला शिक्षक लागतो. आणि तो भरला की त्या तक्त्याखाली नाव घालायलाही हरकत नसावी.